मराठी मड उभारताना

मड म्हणजे फक्त मजकुरावर चालणारा, एकाच वेळी अनेकांनी खेळायचा खेळ. पडद्यावर जागेचं वर्णन येतं, आपण ‘उत्तरेला जा’ असं लिहितो, पुढची जागा समोर येते आणि तिथे दुसऱ्या गावातला कुणीतरी आधीच उभा असतो. पहिला मड १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी लिहिला. तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे, पण बहुतांश इंग्रजीतच.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विखुरलेली आम्ही काही मंडळी असा खेळ मराठीत चालवतो. त्यात साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचा वेढा आहे, सांगलीचा आयर्विन पूल आहे, हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम आहे आणि तिथली हळद साठवायची पेवं आहेत. हे सगळं उभं करताना बरेच कोडबेस, म्हणजे मडचे तयार मूळ कोड, उघडले, चालवले, कोसळताना पाहिले. आपल्या गावाचा असा खेळ करावा असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. दुरुस्ती कोण करणार, ते आधी ठरवा

कोडबेसची घराणी मोजकी आहेत. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या पाच जणांनी १९९०च्या सुमारास डिकूमड लिहिला. मर्क, रॉम, स्मॉग, सर्कलमड हे सगळे त्यातूनच निघाले. हे सी भाषेतले. लढाई, पातळ्या, हत्यारं, दुकानं असं सगळं त्यांत तयार मिळतं. स्वीडनमध्ये लार्स पेन्शो यांनी १९८९ मध्ये एलपीमड काढला. त्यात इंजिन वेगळं आणि जग वेगळं. जग एलपीसी नावाच्या भाषेत लिहायचं आणि खेळ चालू असतानाच बदलायचं. त्याच वर्षी अमेरिकेत जेम्स ॲस्पनेस यांचा टायनीमड आला. मश आणि मू ही मंडळी त्या वळणाची. तिथे लढाईपेक्षा गप्पा आणि बांधकाम जास्त, खेळाडू स्वतःच जागा उभारतात. अलीकडच्यांत एव्हेनिया. तो पायथनमध्ये आहे, जँगो आणि ट्विस्टेड यांच्यावर उभा आहे.

नवखा माणूस यातलं काय निवडतो? ज्यात जास्त गोष्टी तयार मिळतात ते. स्मॉग उघडला की शेकडो मंत्र आणि कौशल्यं समोर येतात आणि अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. पण खेळ सुरू झाल्यावर रात्री साडेअकराला तो बंद पडणार आहे. तेव्हा कोड उघडून वाचणारा माणूस कोण, हा खरा प्रश्न.

आमच्या भागात हातांची वानवा नाही. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून. वालचंदमध्ये विद्यार्थ्यांचा लिनक्सप्रेमींचा गटही आहे. पण विद्यार्थी चार वर्षांत पास होतो आणि पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातो. म्हणजे कोड असा हवा की पुढच्या तुकडीतल्या मुलीला तो महिनाभरात समजावा. तीस वर्षांपूर्वीचं सी, त्यातले पॉइंटर आणि ठिकठिकाणी चिकटवलेले तुकडे समजायला महिना पुरत नाही. पायथन मुलं घरूनच शिकून येतात. चालू खेळासाठी आम्ही एव्हेनियावर आलो त्याचं पहिलं कारण हे.

तरी सर्कलमड आणि रॉम जरूर चालवून पाहा. सर्व्हर आतून कसा असतो हे त्यांच्याइतकं उघडं करून दुसरं कुणी दाखवत नाही. सर्कलमडचं काम आता टीबीएमड या नावाने पुढे चालू आहे. सी हवंच असेल तर तिथून सुरुवात करा.

२. स्वागताचा मजकूर दिसला म्हणजे मराठी चालली असं नव्हे

हा धडा सगळ्यांनी घ्यावा, कारण इथे हमखास फसगत होते. रॉम उतरवून घेतला, स्वागताच्या फाइलमध्ये मराठी मजकूर टाकला, जोडणी केली आणि पडद्यावर देवनागरी झळकली. सगळे खूश. मग कुणीतरी ‘बघ’ असं लिहून एंटर दाबतो आणि काहीच होत नाही. चुकीची आज्ञा असंही उत्तर येत नाही.

याचं कारण एका ओळीत आहे. खेळाडूने लिहिलेलं वाचून घेणाऱ्या फंक्शनमध्ये जुन्या डिकू घराण्यातले कोडबेस प्रत्येक बाइट तपासतात: तो अस्की आहे का आणि छापता येण्याजोगा आहे का. नसेल तर तो बाइट मुकाट्याने टाकून देतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्यातला एकही अस्कीत बसत नाही. त्यामुळे ‘बघ’ सर्व्हरपर्यंत पोहोचतो तो कोरी ओळ होऊन. बाहेर जाणाऱ्या मजकुराला अशी चाळणी नाही, म्हणून स्वागत दिसतं.

ही चाळणी काढता येते, पण लगेच पुढचं दुखणं वर येतं. या कोडबेसमध्ये एका ओळीची मर्यादा साधारण २५६ बाइट असते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं, काना-मात्रा-वेलांट्या धरून. लांब वाक्य मधेच तुटतं आणि तुटलेल्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह येतं. कोण कोण खेळतंय त्या यादीतले रकाने वाकडे होतात, कारण रुंदी बाइट मोजून धरलेली असते.

म्हणून कुठलाही कोडबेस तपासताना मजकूर वाचण्यापासून सुरुवात करू नका. मराठीत एक ओळ लिहा, ती सर्व्हरच्या नोंदवहीत तशीच उतरते का ते बघा, साठवा, खेळ बंद करून पुन्हा सुरू करा आणि तीच ओळ परत आली का ते बघा. ही फेरी पूर्ण झाली की मग पुढचं बोला.

३. नावात काना आहे, तिथे खरी परीक्षा

नाव नोंदवताना बहुतेक सगळे कोडबेस विचारतात, ही सगळी अक्षरंच आहेत ना? सीमधला जुना प्रश्न तर देवनागरीला सरसकट नाहीच म्हणतो. रॉममध्ये नावाची मर्यादा बारा आहे आणि ती बाइटांत मोजली जाते. ‘अजिंक्य’ या नावाचे एकवीस बाइट होतात.

पायथन इथे सुटेल असं वाटतं. पण पायथनला ‘भरत’ हे नाव अक्षरांचं वाटतं आणि ‘राम’ वाटत नाही. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही चिन्हं अक्षरं नाहीत, अक्षराला लागणाऱ्या खुणा आहेत. अक्षर-अंक ओळखण्याची पायथनची नेहमीची पद्धत आणि तिथली रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय दोन्ही या खुणांना बाहेर ठेवतात. त्यामुळे चाचणी करणाऱ्याने ‘कमल’, ‘भरत’, ‘मदन’ अशी नावं घेतली तर सगळं सुरळीत दिसतं आणि पहिल्याच दिवशी प्रियांकाला आत येता येत नाही. एव्हेनियात नावाचा तपासनीस सेटिंगमधून बदलता येतो. तो पहिल्याच दिवशी बदला आणि देवनागरीचा पूर्ण पट्टा त्यात द्या.

रॉम आणि मर्कमध्ये याहून खोल भानगड आहे. पासवर्ड गुप्त करताना ते क्रिप्ट नावाचं जुनं फंक्शन वापरतात आणि त्याला लागणारं मीठ (सॉल्ट) म्हणून खेळाडूचं नावच देतात. त्या मिठात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब आणि तिरकी रेघ चालते. देवनागरी नाव दिलं की आजच्या लिनक्सवर क्रिप्ट ते नाकारतं. मग कुठे सर्व्हर जागीच कोसळतो, कुठे बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. आणि समजा नाव इंग्रजी ठेवून पासवर्ड मराठीत घेतला, तरी हे जुनं क्रिप्ट पासवर्डाचे पहिले आठच बाइट धरतं. म्हणजे पुरती तीन चिन्हंही नाहीत. ‘कमळ’ आणि ‘कमळजाई’ या दोन्हींना कुलूप उघडतं. जुना कोडबेस वापरायचाच असेल तर पासवर्डाचं काम आजच्या पद्धतीने पुन्हा लिहा. त्याला डागडुजी पुरणार नाही.

४. मराठी माणूस क्रियापद शेवटी लिहितो

डिकू घराण्यात पहिला शब्द ही आज्ञा आणि उरलेलं कर्म, असा करार आहे. मराठी खेळाडू ‘तलवार उचल’, ‘पेवात उतर’, ‘दिवा विझव’ असं लिहितो. ‘उचल तलवार’ असं लिहा म्हणून त्याला शिकवता येतं, आम्ही काही दिवस तसं चालवूनही पाहिलं. त्या खेळात आठ-नऊ वर्षांची मुलं आणि साठीच्या बायका टिकल्या नाहीत. संगणकाची सवय असलेलीच मंडळी उरली.

म्हणून आज्ञा ओळखणारा भाग पूर्ण बदलता येतो का, हा कोडबेस निवडतानाचा आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा निकष. एव्हेनियात तो सेटिंगमधली एक ओळ बदलून आपला लावता येतो. एलपीसीत तो जगाच्या कोडमध्येच असल्यामुळे हाताशी असतो. रॉममध्ये तो सर्व्हरच्या पोटात रुतलेला आहे.

क्रियापद शेवटून शोधलं तरी काम संपत नाही. विहीर ‘विहिरीत’ होते, घोडा ‘घोड्यावर’ होतो, पायरी ‘पायऱ्यांवरून’ होते. वस्तूचं नाव जसंच्या तसं जुळवणारा कोड इथे थांबतो. व्याकरणाचं यंत्र लिहायच्या भरीस पडू नका. प्रत्येक वस्तूला मूळ नाव आणि सामान्यरूप अशी दोन नावं द्या, घोडा आणि घोड्या, विहीर आणि विहिरी, आणि शब्दाच्या सुरुवातीशी जुळवा. चार-पाचशे वस्तूंना हे हाताने करायला कंटाळा येतो खरा, पण जग लिहिणारा माणूस ते लिहिता लिहिताच करतो.

दिशांचंही बघा. जुने मडवाले एका अक्षराने चालतात. आपल्याकडे ‘प’ लिहिलं की पश्चिम अपेक्षित आहे, पण सुरुवातीचं अक्षर जुळवणाऱ्या कोडला पूर्वसुद्धा ‘प’नेच सुरू होताना दिसते, ऊकार नंतर येतो म्हणून. आज्ञांच्या तक्त्यात जी आधी तिकडे खेळाडू जातो. ‘प’ आणि ‘पू’ ही दोन रूपं स्वतंत्रपणे नोंदवा.

बोलीला वाव ठेवा. साताऱ्याकडची पोरं ‘मार’ लिहीत नाहीत, ‘हाण’ लिहितात. ‘बघ’, ‘पाहा’, ‘न्याहाळ’ सगळ्यांचा अर्थ एकच लागला पाहिजे.

५. दिसायला एक, साठवणीत दोन

अजिंक्यताऱ्याच्या दरवाजाजवळ ‘पायऱ्या’ आहेत. एका खेळाडूला त्या तपासता येत होत्या, दुसऱ्याला येत नव्हत्या. दोघांचा शब्द पडद्यावर हुबेहूब सारखा. एकाच्या कीबोर्डाने मराठीचं खास ऱ लिहिलं होतं. दुसऱ्याच्या कीबोर्डाने साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह टाकलं होतं. ‘ॲ’चंही तेच: कुठे ते एकच चिन्ह असतं, कुठे ‘अ’ आणि चंद्र अशी दोन.

युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण हे दोन्ही प्रकार एक करत नाही. स्वतःचा बदलतक्ता लिहावा लागतो. त्यात एक काळजी घ्या: अदृश्य जोडचिन्ह सरसकट पुसून टाकलं तर पायऱ्यांतला ऱ्य जाऊन तिथे सूर्यातला र्य येतो. र, हलन्त आणि जोडचिन्ह हा क्रम दिसला की आधी त्याचा हलन्तासह ऱ करा, उरलेली जोडचिन्हं नंतर पुसा. आत येणारी प्रत्येक ओळ आणि जगाच्या फायलींतला प्रत्येक शब्द या तक्त्यातून गेला पाहिजे.

दुसरी अडचण जुन्या फाँटांची. किल्ल्यावर सुंदर वर्णनं लिहून देणारे एक निवृत्त शिक्षक आम्हाला मिळाले. त्यांची फाइल छापखान्यातल्या जुन्या फाँटात होती, जो युनिकोड नव्हे. सर्व्हरवर ती इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उतरली. असा मजकूर रूपांतर करणाऱ्या साधनातून काढता येतो, मात्र नंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. त्यांच्यासारखी माणसं सोडू नका. मजकूर हाच या खेळाचा जीव आहे.

६. जुना कोड आज का बांधला जात नाही

थोडक्यात सांगतो, कारण उत्तरं ठरलेली आहेत. क्रिप्ट सापडत नाही अशी तक्रार आली तर जोडणीच्या ओळीत क्रिप्टची लायब्ररी लिहायची राहिली आहे. एकच चल अनेक ठिकाणी सापडला अशी तक्रार आली तर ती जीसीसी या कंपायलरची १०व्या आवृत्तीपासूनची कडक शिस्त आहे. हेडरमधल्या व्याख्येला एक्सटर्न लावा आणि खरी व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवा. फंक्शन जाहीर न करता वापरलं ही पूर्वी नुसती सूचना होती, जीसीसी १४ पासून ती चूक धरली जाते. ही चूक दाबून टाकणारा पर्याय देऊ नका. ६४-बिट यंत्रावर जाहीर न केलेल्या फंक्शनने पत्ता परत दिला तर त्याचा अर्धा भाग कापला जातो आणि सर्व्हर भलत्याच ठिकाणी मरतो. हेडर जोडा.

विंडोजवर लिहिलेली सुरुवातीची स्क्रिप्ट लिनक्सवर ‘इंटरप्रिटर सापडत नाही’ म्हणाली तर ओळींच्या शेवटचं चिन्ह विंडोजचं आहे, बाकी काही नाही.

७. चूक दाखवतात तिथे नसते

डिकू घराण्यात जगाच्या फायलींमध्ये प्रत्येक वर्णन ‘~’ या चिन्हाने संपतं. ते एका ठिकाणी राहिलं की वाचणारा कोड पुढच्या खोलीचा क्रमांक, तिचं नाव, तिचे दरवाजे सगळं पहिल्याच वर्णनात गिळतो आणि बऱ्याच पुढे जाऊन तक्रार करतो. त्या ओळीकडे बघत बसाल तर रात्र जाईल. तक्रारीच्या ओळीपासून मागे या आणि शेवटची धड वाचलेली खोली कोणती ते शोधा. चूक तिच्यात किंवा तिच्या लगेच पुढे असते.

फाइलच्या पहिल्याच ओळीवर ‘#’ सापडलं नाही असं आलं आणि ‘#’ तर डोळ्यांना दिसतंय, तर ती फाइल जुन्या नोटपॅडने साठवलेली आहे. त्याने सुरुवातीला तीन अदृश्य बाइट ठेवलेत. संपादकात बीओएमशिवाय यूटीएफ-८ निवडून पुन्हा साठवा. विंडोजवर पायथन वापरणाऱ्यांनीही फाइल उघडताना यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहावं. नाहीतर पायथन विंडोजचं जुनं एन्कोडिंग धरतो आणि मराठी फाइल वाचताना अडखळतो.

८. बुरूज उडाला की सर्व्हर पडायचा

सगळ्यांत जास्त शिकवलं ते या एका बिघाडाने. औरंगजेबाने १६९९च्या डिसेंबरात साताऱ्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी किल्ला एप्रिल १७०० पर्यंत झुंजवला. मोगलांनी मंगळाई बुरुजाखाली सुरुंग लावले, त्यातला एक उलटला आणि त्यांचीच माणसं मोठ्या संख्येने गाडली गेली. किल्ला पडल्यावर त्याचं नाव आझमतारा झालं. आमच्या आधीच्या, रॉमवरच्या खेळात हा सुरुंग होता. तो उडाला की बुरुजाखाली असलेले सगळे मरत. आणि कधीकधी, नेहमी नव्हे, सर्व्हरही मरत असे.

कधीकधी होणाऱ्या बिघाडाला लोक दैवावर सोडतात. स्वतःहून पुन्हा सुरू करणारी स्क्रिप्ट असते, खेळाडू मिनिटभरात परत येतात, चालतंय तसं चालू राहतं. असं करू नका. त्या स्क्रिप्टने कोसळण्याची प्रत्येक नोंद वेळेसह ठेवली पाहिजे, सर्व्हर डीबगची माहिती घेऊन बांधलेला पाहिजे आणि कोसळताना स्मृतीची प्रत डिस्कवर पडली पाहिजे. ती प्रत जीडीबी या डीबगरमध्ये उघडून बॅकट्रेस विचारला की शेवटचं फंक्शन कळतं.

इथे ते स्फोटाचं फंक्शन होतं. त्यात तो कोड जागेवरच्या माणसांच्या यादीवरून एकेक पुढे सरकतो. एकाला मारायच्या आधी ‘याच्या पुढचा कोण’ हे टिपून ठेवतो, कारण मेलेल्याची नोंद पुसली जाणार असते. इथवर बरोबर. पण सरदार मेला की त्याच्याबरोबर त्याचा हुजऱ्याही जगातून काढायचा, असा नियम होता. टिपून ठेवलेला पुढचा माणूस जेव्हा नेमका तो हुजऱ्या असे, तेव्हा कोड पुसलेल्या नोंदीवर पाय ठेवी. हुजऱ्या यादीत दुसरीकडे उभा असला तर काहीच होत नसे. म्हणून ‘कधीकधी’.

जीसीसीचा ॲड्रेस सॅनिटायझर लावून सर्व्हर बांधला, बुरुजाखाली सरदार आणि हुजऱ्या मुद्दाम एकापाठोपाठ आणून उभे केले आणि सुरुंग उडवला. नोंद कुठे पुसली आणि पुसल्यावर कुठे वापरली, दोन्ही ओळी क्रमांकासह मिळाल्या. उपाय सोपा: स्फोटात फक्त ‘मेला’ अशी खूण करायची आणि सगळ्यांना काढायचं काम ती फेरी संपल्यावर एकदम करायचं.

एकापेक्षा जास्त माणसं एका झटक्यात मरतात अशा प्रत्येक ठिकाणी हा बिघाड दडलेला असतो. आगीचा गोळा, विषारी धूर, कोसळणारी भिंत. हरिपूरच्या पेवात झाकण उघडून हवा खेळू न देता उतरलं की गुदमरायला होतं, हे आम्ही खेळात घेतलं आहे. तिथेही तीच दुरुस्ती करावी लागली.

आणि पायथनमध्ये हे होत नाही असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. स्मृती तुटत नाही एवढंच. यादीवरून फिरता फिरता तीच यादी बदलली तर पायथन मधलं एखादं माणूस गाळतो, तेही न सांगता. यादीची प्रत काढून तिच्यावरून फिरा.

९. सर्व्हर घरात ठेवू नका

घरच्या संगणकावर सर्व्हर चालू केला, राउटरमध्ये ४००० क्रमांकाचं दार उघडलं, तरी बाहेरून कुणी येत नाही असं आजकाल बहुतेकांचं होतं. चूक शोधत बसू नका. अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देण्याची पद्धत आता सर्रास आहे आणि तिथे आपलं दार आपल्या हातात नसतं. महिना काही शे रुपयांत भाड्याचा छोटा लिनक्स सर्व्हर मिळतो, तो घ्या.

कॉलेजच्या जाळ्यात ४००० बंद असतं. ब्राउझरमधून ४४३ वर खेळता आलं पाहिजे. एव्हेनियात वेब क्लायंट बरोबरच येतो. त्याच्यापुढे एनजिनएक्स लावला की काम होतं. ब्राउझरचा आणखी फायदा असा की जोडाक्षरं नीट दिसतात. साध्या टर्मिनलमध्ये देवनागरी अनेकदा फुटते. मोबाइलवर थोडा वेळ गप्प बसलं की जोडणी तुटते, त्यासाठी सर्व्हरने मिनिटभराने एखादा रिकामा संदेश पाठवत राहावं.

प्रतींबद्दल मात्र जीव तोडून सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावरचे संगणक, वह्या, छापील नकाशे, सगळं गेलेली घरं सांगलीत मोजता येणार नाहीत. आमच्यातल्या एकाकडच्या हरिपूरच्या खोल्या वाचल्या त्या केवळ एक प्रत साताऱ्यात होती म्हणून. आता रोज रात्री जगाची आणि खेळाडूंची प्रत दुसऱ्या शहरात जाते, आणि ती उघडून खेळ उभा राहतो का हे आम्ही अधूनमधून करून पाहतो. उघडून न पाहिलेली प्रत हिशेबात धरू नका.

१०. परवाना वाचा

डिकूच्या मूळ परवान्यात दोन अटी ठळक होत्या: यातून कोणत्याही प्रकारे नफा कमवायचा नाही आणि मूळ लेखकांची नावं दाखवायची. मर्क, रॉम, सर्कल यांनी त्यांत आपापल्या अटींची भर घातली. सर्व्हरच्या भाड्यासाठी देणगी घेतलेली चालते का, यावर मडवाले वर्षानुवर्षं भांडत आहेत. आमचं मत साफ आहे. तुमच्या खेळाला उद्या एखादी शाळा, ग्रंथालय किंवा साखर कारखान्याचं शिक्षण मंडळ पैसे देण्याची शक्यता असेल तर त्या घराण्याकडे जाऊ नका. एव्हेनियाचा परवाना बीएसडी आहे, तो मोकळा आहे. आणि लेखकांची नावं कुणी मागो न मागो, दाखवावीत.

११. जे पडदा बघत नाहीत, त्यांना आधी विचारा

जगभर मड खेळणाऱ्यांत अंध खेळाडू मोठ्या संख्येने आहेत, कारण हा खेळ त्यांना इतरांच्या बरोबरीने खेळता येतो. एनव्हीडीए हा पडदावाचक फुकट आहे आणि ई-स्पीक या मोफत आवाजात मराठी आहे. म्हणजे साताऱ्यातला अंध मुलगा सांगलीतल्या डोळस मुलीबरोबर आपल्याच भाषेत किल्ला लढवू शकतो. आमच्या खेळात हे रोज घडतं, आणि या सगळ्या खटाटोपाचं मोल मला इथे सर्वांत जास्त वाटतं.

पण कोडबेसची मूळ सजावट त्यांच्या मुळावर येते. रेघांनी काढलेले नकाशे, ताऱ्यांच्या चौकटी, दर फटक्याला उमटणारी आकडेवारी. पडदावाचक ‘तारा तारा तारा तारा’ असं वाचत बसतो आणि तोवर मोगल अंगावर आलेला असतो. एव्हेनियात पडदावाचकासाठी वेगळी निवड आहे, ती चालू केली की रंग आणि सजावट गाळली जाते. जुन्या कोडबेसमध्ये हे हाताने करावं लागतं. नकाशाऐवजी ‘बाहेर पडायचे मार्ग: उत्तर, खाली’ असं एक वाक्य द्या. महत्त्वाचा शब्द वाक्यात आधी येऊ द्या. ओळी लहान ठेवा. जोडाक्षरांच्या उच्चारात आवाज कुठे अडतो ते ऐका आणि गरज पडली तर शब्द बदला.

तुमच्या वाईत, मिरजेत, विट्यात, जतमध्ये असा खेळ उभा करणार असाल तर एवढं करा: पहिली दहा ठिकाणं लिहून झाली की लगेच एका अंध खेळाडूला बोलवा आणि त्याच्या शेजारी बसून, पडदा बंद करून, पूर्ण खेळ ऐका.